मावसभाऊ चालतो, मामेभाऊ नाही : डीएनए ओळख चाचणीला जाण्याआधी

"डीएनए केलं की नाव कळेल ना?" शवागाराबाहेरच्या बाकावर बसलेला जवळपास प्रत्येक जण हे विचारतो. नाही कळत. हाडातून किंवा दातातून निघते ती आकड्यांची एक ओळ. तिच्या शेजारी ठेवायला जिवंत नातलगाची दुसरी ओळ नसेल, तर पहिली फायलीत पडून राहते. म्हणजे निम्मं काम मेलेल्याच्या हाडात असतं आणि निम्मं तुमच्या घरात. कोणाला सोबत आणायचं, कोणती वस्तू आणायची आणि कागदावर काय लिहून घ्यायचं, हे आधी कळलं तर महिने वाचतात.

नमुने घेणं, पाकिटं सील करणं आणि नातलगांना फॉर्म समजावणं यात माझी नोकरी गेली. हे लिहितोय ते पहिल्यांदाच या वाटेला लागलेल्यांसाठी. त्यात घरचे लोक आले, त्यांच्यासोबत धावणारे पंच आले, वकिलाकडे नव्याने लागलेली मुलंही आली.

आधी पोलीस स्टेशन, मग प्रयोगशाळा

माणूस बेपत्ता असेल तर तक्रार नोंदवा आणि तिची प्रत घ्या. अनोळखी मृतदेह सापडला की पोलीस अनैसर्गिक मृत्यूची नोंद करतात, पंचनामा होतो आणि शवचिकित्सेसाठी देह इस्पितळात जातो. गोव्यात बहुतेक वेळा तो बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात जातो. त्या नोंदीला एक क्रमांक असतो. तो वहीत लिहून ठेवा, पुढे प्रत्येक खिडकीवर तोच विचारतात.

डीएनएच्या आधी सोपे मार्ग संपवायचे असतात. सामूहिक दुर्घटनेत ओळख पटवण्यासाठी इंटरपोलच्या पद्धतीत तीन खात्रीचे आधार धरले जातात : बोटांचे ठसे, दात आणि डीएनए. ठसे किंवा दात जुळले तर काम लवकर होतं. म्हणून दंतवैद्याकडचे जुने एक्स-रे शोधा. मांडीत रॉड किंवा प्लेट बसवली असेल तर ऑपरेशनचे कागद काढा, अनेक रोपणांवर कंपनीचा क्रमांक कोरलेला असतो. कपडे, अंगठी, गोंदण यांचा उपयोग शोध कुठल्या दिशेने न्यायचा एवढ्यापुरता. फक्त शर्टावरून देह ताब्यात घेऊ नका. एकाच दुकानातला शर्ट चार जणांच्या अंगावर असतो, आणि पाण्यात राहिलेला चेहरा सख्ख्या माणसालाही फसवतो.

मृतदेहाकडून काय घेतात

हे काम डॉक्टरांचं आहे, पण काय विचारायचं ते तुम्हाला ठाऊक हवं. देह ताजा असेल तर रक्त पुरतं. ते जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत (हिच्यात रक्त गोठत नाही) घेतात किंवा एफटीए कार्डावर, म्हणजे नमुना जपणाऱ्या खास कागदावर, थेंब टाकून वाळवतात. आपल्याकडची हवा दमट आणि गरम, त्यामुळे दोन-चार दिवसांत रक्त कामाचं राहत नाही. मग दात आणि हाडं. किड नसलेली अख्खी दाढ, मांडीच्या हाडाचा मधला तुकडा, आणि कवटीत कानाच्या आतल्या भागाभोवतीचं दगडासारखं घट्ट हाड. हे शेवटचं हाड इतर हाडं निरुपयोगी झाल्यावरही अनेकदा उपयोगी पडतं.

खाणीच्या खंदकात आठ-दहा दिवस राहिलेला देह, मांडवी-झुवारीच्या मुखाशी वाहून आलेला देह आणि जांभ्या मातीत दहा वर्षं पुरलेली हाडं, या तिन्हींत डीएनए वेगवेगळ्या वेगाने तुटतो. ऊन, ओलावा, जिवाणू आणि आम्लयुक्त माती हे त्याचे वैरी. कोरड्या थंड गुहेत हजारो वर्षं टिकणारा रेणू आपल्या पावसाळ्यात काही वर्षांत हात टेकतो.

दोन गोष्टींवर मात्र लक्ष ठेवाच. डीएनएसाठीचा तुकडा फॉर्मलिनमध्ये (अवयव टिकवायच्या द्रावणात) बुडवू नये. विकृतिशास्त्रासाठी ते ठीक, पण त्याने डीएनएचे तुकडे पडतात. दुसरं म्हणजे अंत्यसंस्काराआधी नमुना राखून ठेवला आहे याची खात्री करून घ्या. चितेत पूर्ण जळून राख झालेल्या अस्थींतून ओळख पटवण्याजोगं काही मिळत नाही. बेवारस म्हणून देहाची विल्हेवाट लागत असेल तर "दाढ किंवा हाड राखून ठेवलंय ना?" एवढं एक वाक्य पोलिसांना विचारून ठेवावं, जमल्यास लेखी अर्जात. दफनाची गोष्ट वेगळी, कबर उघडता येते, त्यासाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. पण आपल्याकडच्या अनेक ख्रिस्ती दफनभूमींत काही वर्षांनी हाडं उचलून भिंतीतल्या कोनाड्यात किंवा सामायिक अस्थिकुंडात ठेवतात आणि जागा दुसऱ्याला देतात. एकदा हाडं एकत्र झाली की कुठलं कोणाचं हाच आधी मोठा तपास होऊन बसतो. त्यामुळे उशीर करू नका.

घरातून कोण

हा भाग सावकाश वाचा, कारण चुका इथेच होतात.

आपल्या पेशीत डीएनए दोन ठिकाणी असतो. केंद्रकातला अर्धा आईकडून आणि अर्धा बापाकडून येतो. केंद्रकाबाहेर सूत्रकणिकांत (मायटोकॉन्ड्रियात) डीएनएचं एक छोटं वर्तुळ असतं, १६,५६९ अक्षरांचं. ते फक्त आईकडून येतं. पेशीत त्याच्या शेकडो-हजारो प्रती असतात, म्हणून जुन्या हाडात केंद्रकातलं सगळं संपलं तरी हे बरेचदा हाती लागतं. आणि वाय गुणसूत्र बापाकडून फक्त मुलाकडे जातं.

सगळ्यात चांगले आई-वडील, दोघंही. त्यांच्या पाठोपाठ मृताची मुलं, आणि मुलांसोबत त्यांची आई. "मी बायको, माझ्या रक्ताचा काय उपयोग?" असं बायका विचारतात. तुमचा मृताशी रक्ताचा संबंध नाही, पण मुलाच्या आकड्यांतून तुमचा वाटा वजा केला की उरतो तो बापाचा.

हे जवळून पाहू. डी८एस११७९ नावाच्या एका जागेवर डीएनएचा चार अक्षरांचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. किती वेळा, ते माणसागणिक बदलतं. प्रत्येकाकडे दोन आकडे, एक आईचा आणि एक बापाचा. समजा बायकोचे १२ आणि १४, मुलाचे १४ आणि १५. मुलाला १४ आईकडून मिळाला, म्हणजे १५ बापाकडून आला. आता हाडाचे आकडे बघा : १३ आणि १५. पंधरा आहे, जमलं. पण पंधरा असलेली माणसं गोव्यात हजारोंनी मिळतील, म्हणून एका जागेवर थांबत नाहीत. टीएच०१ ही दुसरी जागा. बायकोचे ६ आणि ९, मुलाचे ७ आणि ९. म्हणजे बापाकडून ७ यायला हवा. हाडात ७ आणि ८. पुन्हा जमलं. अशा वीस किंवा त्याहून जास्त जागा तपासतात. प्रत्येक जागी योगायोगाने जुळण्याची शक्यता थोडी, आणि त्या सगळ्यांचा गुणाकार केला की ती जवळपास शून्याला टेकते.

आई-वडील नाहीत, मुलंही नाहीत. मग सख्खी भावंडं, आणि एकाऐवजी जितकी मिळतील तितकी. सख्ख्या भावांत एखाद्या जागेवर आई-बापांकडून आलेले दोन्ही आकडे एकच असण्याची शक्यता २५ टक्के, एकच सामायिक असण्याची ५० टक्के, आणि एकही नसण्याची २५ टक्के. म्हणजे सख्खा भाऊ असूनही बऱ्याच जागा जुळत नाहीत. एकट्या भावाचा अहवाल म्हणूनच कधी कधी "निश्चित सांगता येत नाही" असा येतो आणि घरचे घाबरतात. दोन बहिणी आणखी आणल्या की चित्र स्पष्ट होतं.

भावंडंही नसतील तर लांबचे. इथे आपल्या भाषेने मोठी सोय करून ठेवली आहे. इंग्रजीत एका शब्दात गुंडाळलेली चार नाती आपण वेगळी बोलतो, आणि चाचणीत ती वेगळीच निघतात. बेपत्ता माणूस पुरुष आहे असं धरा. चुलतभावाचं वाय गुणसूत्र त्याच्यासारखंच, कारण दोघांकडे ते आजोबांकडून आलेलं. काका आणि पुतण्या यांचंही तसंच. मावसभावाचं सूत्रकणिकेतलं वर्तुळ त्याच्यासारखं, कारण दोघांच्या आया बहिणी. मावशी, मामा, बहिणीची मुलं यांच्याकडेही तेच असतं. पण आतेभाऊ आणि मामेभाऊ दोन्ही ओळींतून बाहेर. मामाकडे आजीचं वर्तुळ असतं, पण पुरुष ते पुढे देत नाही. मामेभावाला ते मामीकडून मिळालं. पुतण्या चालतो, पुतणी नाही. भाची चालते.

गोव्याच्या माणसाला वाय गुणसूत्र समजवायला मी कोमुनिदादीचं, म्हणजे गावच्या सामायिक जमिनीच्या जुन्या संस्थेचं, उदाहरण द्यायचो. तिचं सभासदत्व, म्हणजे गावकारपण, जसं बापाकडून मुलाकडे उतरतं आणि लेकीच्या घरी जात नाही, तसंच ते. लोक हसायचे, पण विसरायचे नाहीत. एक फरक मात्र सांगावा लागतो : एका वांगडातल्या (कुळातल्या) सगळ्या गावकारांचं वाय सारखं निघू शकतं. म्हणून वाय जुळलं म्हणजे "या घराण्यातला कोणी पुरुष" एवढंच सिद्ध होतं, अमुक माणूस असं नाही. आईच्या ओळीचंही हेच.

हे नुसतं पुस्तकी नाही, याचा सगळ्यात मोठा दाखला आपल्या जुन्या गोव्यात आहे. जॉर्जियाची राणी केतेवान हिला १६२४ साली इराणात शिराझला शाह अब्बासच्या हुकमाने हालहाल करून मारलं. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिच्या अस्थींचा काही भाग १६२७ मध्ये गोव्यात आणला, असं जुन्या नोंदी सांगतात. सेंट ऑगस्टीन चर्चच्या चॅप्टर चॅपलमधल्या दुसऱ्या खिडकीत त्या ठेवल्या, हेही त्यांत लिहिलेलं. पण १८४२ मध्ये चर्चचं छप्पर कोसळलं आणि सगळं ढिगाऱ्याखाली गेलं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने अनेक वर्षं तिथे खोदकाम केलं, आणि २००४ साली हाताचं एक लांब हाड मिळालं. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंच्या जीवशास्त्राच्या संस्थेने त्याचा आईकडचा डीएनए वाचला. तो यू१बी या गटातला, म्हणजे आईच्या ओळीच्या एका शाखेतला निघाला. भारतीयांच्या हजारो नमुन्यांत हा गट सापडला नव्हता, जॉर्जियन लोकांत तो आढळतो. त्याच जागेतल्या इतर अस्थी मात्र भारतात सापडणाऱ्या गटांच्या निघाल्या.

आता शास्त्रज्ञांची भाषा बघा. २०१४ साली छापून आलेल्या शोधनिबंधात ते "हे हाड राणीचंच" असं ठामपणे म्हणत नाहीत, तिचं असण्याची शक्यता मोठी आहे असं म्हणतात. कारण तिच्या आईकडच्या ओळीतला ओळखीचा जिवंत वारस त्यांच्यापुढे बसलेला नव्हता. पोर्तुगीज कागद, सापडण्याची जागा आणि डीएनए, तिन्ही एका दिशेला गेल्यावर त्यांनी हे विधान केलं. जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी तिबिलिसीत त्या अस्थींचा भाग जॉर्जियाला सुपूर्द केला. जवळपास चारशे वर्षं जुन्या हाडाला जी सबुरी मिळाली, ती तुमच्या प्रकरणालाही हवी. आकडे एकटे बघायचे नाहीत, कुठे सापडलं आणि अंगावर काय होतं ते सोबत वाचायचं.

वापरातल्या वस्तू, आणि ब्रशची गोष्ट

जवळचं कोणीच नसेल तर मृताने वापरलेली वस्तू चालते. टूथब्रश, दाढीचं रेझर, मुळासकट केस अडकलेला कंगवा. कधी इस्पितळात जुन्या बायोप्सीचा मेणात बसवलेला ठोकळा शिल्लक असतो, तोही विचारा. पण वस्तू एकट्याचीच आहे याची खात्री करा.

एकदा एक गृहस्थ भावाचा ब्रश घेऊन आले. हाड पुरुषाचं होतं. ब्रशचा अहवाल आला तेव्हा लिंग दाखवणाऱ्या जागेवर फक्त एक्स, वाय नाहीच. न्हाणीघरात एकाच पेल्यात चार ब्रश होते, आणि यांनी भावजयीचा उचलला होता. नमुना घेताना मीच विचारायला हवं होतं, "हा ब्रश कुठे होता, शेजारी आणखी कोणाचे होते?" नाही विचारलं. दोन महिने गेले. तेव्हापासून फॉर्मच्या मागे मी तो प्रश्न हाताने लिहीत असे.

वस्तू कागदाच्या पाकिटात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. ओली वस्तू बंद पिशवीत गेली की दोन दिवसांत बुरशी, आणि बुरशीसोबत डीएनए गेला. जून-जुलैत सावलीत काही सुकत नाही, हे गोव्याबाहेरच्या पुस्तकांना माहीत नसतं. पंख्याखाली स्वच्छ कागदावर सुकवा. ऊन किंवा केस सुकवायचा ड्रायर नको. हातमोजे नसतील तर निदान एका टोकाला धरा, आणि ब्रशच्या केसांवर बोट लावू नका.

नमुना देताना

नातलगाचा नमुना म्हणजे बोटाचं रक्त किंवा गालाच्या आतून फिरवलेला कापसाचा बोळा. दुखत नाही. आधी अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये. तीन गोष्टी आपणहून सांगा : अलीकडे रक्त चढवलंय का, कधी अस्थिमज्जा रोपण झालंय का, जुळं भावंड आहे का. मज्जा रोपण झालेल्याच्या रक्तात दात्याचा डीएनए असतो, आणि एकसारख्या जुळ्यांना ही चाचणी वेगळं करू शकत नाही.

ओळखपत्र, फोटो, सही, साक्षीदाराची सही, सील. पाकिटावरचा क्रमांक आणि फॉर्मवरचा क्रमांक एकच आहे ना, ते स्वतः वाचा. लाज नको. एका कुटुंबात दोन भावांची आद्याक्षरं सारखी होती आणि पाकिटं उलटी लागता लागता राहिली, ती त्यांच्या बारा वर्षांच्या भाचीने पाहिली म्हणून.

फॉर्मवर नातं लिहिताना खरं लिहा. दत्तक, सावत्र, पहिल्या लग्नाचं मूल, असं काही असेल तर डॉक्टरांना एकांतात सांगा. चाचणी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते, पण वाटेत न विचारलेलंही दिसू शकतं. एकदा एका आजीबाईंनी कागद पुढे केल्यावर हात मागे घेतला आणि लेकाला बाहेर पाठवलं. मग हळूच म्हणाल्या, "थोरला माझा पोटचा नव्हे, नणंदेचा. तिच्या माघारी मीच वाढवला. आता सांगू की नको?" सांगा म्हटलं, आणि त्यांनी सांगितलं म्हणूनच पुढचं जुळलं. त्या आईच्या नात्याने बसल्या होत्या, आणि त्यांचे आकडे त्या मुलाच्या हाडाशी कधीच जुळले नसते. नणंदेची धाकटी लेक काणकोणला दिलेली होती, तिचा नमुना घेतला.

नातलग आखातात, जहाजावर किंवा पोर्तुगालमध्ये असेल तर त्याने विमान पकडून यावंच असं नाही. तिथल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेने काढलेले आकडे पोलिसांमार्फत मागवता येतात, कारण शेवटी तुलना आकड्यांची असते. दोन्हीकडे तपासलेल्या जागा त्याच असल्या म्हणजे झालं.

अहवाल वाचताना

हाड दळून पूड करतात, त्यातला कॅल्शियम काढतात, डीएनए वेगळा करतात, त्याच्या लाखो प्रती बनवतात, आणि यंत्र त्या लांबीनुसार मोजतं. बाकी तपशील तुमच्या कामाचा नाही. ताजं रक्त लवकर होतं. जुनं हाड दोन-तीनदा पुन्हा करावं लागतं, त्यामुळे "अजून किती दिवस?" याला खरं उत्तर कोणाकडे नसतं.

निष्कर्ष तीन प्रकारचे. जुळतं, जुळत नाही, सांगता येत नाही. तिसऱ्याला लोक "नाही" समजतात. तसं नाही. त्याचा अर्थ नमुना अपुरा आहे किंवा नातलग लांबचा आहे, आणखी कोणी आणा. "जुळतं" याच्याखाली ९९.९९ टक्के किंवा एखादा मोठा गुणांक असतो, म्हणजे हे नातं खरं असेल तर असे आकडे दिसण्याची शक्यता परक्या माणसापेक्षा किती पट जास्त आहे. एखाद्याच जागेवर बाप आणि मूल जुळले नाहीत तर लगेच निकाल लावू नका. हजारात एक-दोनदा आकडा पिढी बदलताना एका घराने सरकतो. दोन-तीन जागा किंवा त्याहून जास्त चुकल्या तर मात्र प्रश्न उभा राहतो.

अहवाल पोलिसांकडे जातो, तुमच्या घरी येत नाही. नमुना वेर्ण्याच्या राज्य न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेला, का राज्याबाहेर पाठवला, ते पाठवण्याच्या पत्रावर असतं. त्या पत्राचा क्रमांक आणि तारीख विचारून घ्या.

नातं सिद्ध करण्यासाठी चाचणी हवी असेल

हे वेगळं प्रकरण, आणि इथे कोर्ट सांभाळून पावलं टाकतं. गोव्यात त्याला जास्त वजन आहे. आपल्या नागरी कायद्यात मुलांना वारसाहक्कातून सहजासहजी वगळता येत नाही, संपत्तीचा अर्धा भाग त्यांच्यासाठी राखीव असतो. २०१२ चा गोवा उत्तराधिकार कायदा हीच चौकट पुढे नेतो. त्यामुळे इन्व्हेंटरीच्या, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटण्याच्या दाव्यात "हा मुलगाच नव्हे" असं कोणी उभं राहिलं की डीएनएची मागणी येते.

पण मागितली म्हणून मिळत नाही. लग्न टिकून असताना झालेलं मूल त्या नवऱ्याचंच, असं कायदा गृहीत धरतो. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या ११२ कलमात होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ११६ मध्ये आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये गौतम कुंडू प्रकरणात सांगितलं की अशा चाचण्या सरसकट मागता येणार नाहीत. २०१४ च्या नंदलाल बडवाईक प्रकरणात मात्र, चाचणी झालेलीच असेल तर विज्ञानाचा निष्कर्ष गृहीतकापेक्षा वरचढ मानला. २०२३ मध्ये अपर्णा फिरोदिया प्रकरणात नवरा-बायकोच्या भांडणात मुलाला यात ओढू नये असं बजावलं. चाचणीला नकार दिला तर हात धरून रक्त काढत नाहीत, पण कोर्ट त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकतं.

ऑनलाइन मागवलेल्या खासगी किटवर हजारो रुपये घालवून लोक वकिलाकडे येतात. गालाचा बोळा कोणी, कोणाच्या समोर फिरवला याचा पुरावा नसतो, म्हणून तो कागद कोर्टात फारसा उपयोगी पडत नाही. मनाच्या समाधानासाठी करायचं तर करा, पण मूल अल्पवयीन असेल तर तेही करू नका.

अहवाल आल्यावर

ओळख पटली की देह किंवा अस्थी ताब्यात घेण्याची पावती, मृत्यूच्या नोंदीत "अनोळखी"च्या जागी नाव घालण्याचा अर्ज आणि तपास बंद झाल्याचं पत्र, या तिन्हींच्या चार-चार प्रती करा. बँक, विमा, पेन्शन, घरपट्टी, सगळीकडे लागतात. जुळलं नाही तर तुमच्या नातलगांचे आकडे फायलीत राहू द्या असं लेखी सांगा, म्हणजे पुढे दुसरा देह सापडला तर पुन्हा रक्त द्यावं लागणार नाही. अर्जावर दोन मोबाइल नंबर लिहा, एक घरी असणाऱ्या बाईचा. जहाजावरच्या मुलाचा नंबर सहा महिन्यांनी लागत नाही.